बोटीची पसंती

धाकू नाखव्याने गिऱ्हाइकाची नजर चुकवून डावं इंजिन बंद केलं आणि चेहरा पाडता येईल तितका पाडला.

धाकूचे गुडघे गेले म्हणून बायकोने बोट विकायला काढली होती. आज या गिऱ्हाइकाने नाक मुरडलं नाही, तर दोन होड्या जोडल्यासारखी दिसणारी ही बारा वर्षांची कॅटामरान संध्याकाळी रेवदंड्याला नांदायला जाणार होती.

"इंजिन गेलं वाटतं, शेट," धाकू कळवळला. "हिचं नेहमीचंच आहे."

समोर खडक होते, लाटा आडव्या येत होत्या. बोट मात्र उरलेल्या इंजिनावर शहाण्या मुलीसारखी सरळ चालत राहिली.

"वा!" गिऱ्हाईक म्हणालं.

धाकूने दुसरंही बंद केलं. बोट खडकांकडे वाहू लागली. धाकूला घाम फुटला. गिऱ्हाइकाने थर्मासमधला चहा कपात ओतून फळीवर ठेवला. चहा हलला नाही.

"आमच्या जुन्या बोटीत मी एव्हाना चारदा ओकलो असतो, नाखवा. मोठ्या लाटेत तरी ही डोलत असेल ना?"

'डोलते' एवढंच म्हणायचं होतं. धाकूने तोंड उघडलं.

"डोलते? बारा वर्षांत हिने माझा एक कप सांडला नाही!"

खडक वल्हंभर अंतरावर आले, तेव्हा धाकूने नाइलाजाने किल्ल्या फिरवल्या. दोन्ही इंजिनं पहिल्याच झटक्याला सुरू झाली.

"बघा," धाकू रडवेला होऊन म्हणाला, "ही अशी आहे."