पाळण्याचा हूक

शिवणवालीने टाक्याटाक्याने पैसा जोडून वाढत्या शहराच्या टोकाला फ्लॅट घेतला, भाड्याने द्यायला. “आई, लेकुरवाळ्यांना देऊ नकोस हं, भिंतींची वाट लावतात,” लेकीने बजावलं. शिवणवाली गालातल्या गालात हसली. हीच लेक तान्ही असताना घरमालकाने छताला हूक बसवू दिला नव्हता. पाळण्याविना पोर मशीनखालच्या चिंध्यांत निजली होती. आज पहिलं जोडपं घर बघायला आलं. बायको पोटावर पर्स घट्ट धरून उभी राहिली. “आम्ही दोघंच, मावशी,” नवरा चाचरत म्हणाला. “दोन ठिकाणी नकार मिळालाय, हे तरी द्या.” आयुष्यभर मापं घेतलेल्या नजरेपुढे पर्स ती काय टिकणार! “पर्स हटव गं, बाळ अवघडेल,” शिवणवाली म्हणाली, “आणि जरा वर बघ.” छताला पाळण्याचा नवाकोरा हूक चमकत होता. पर्स खाली आली. “तिघं आहोत, मावशी,” बायको म्हणाली.