चार वाजताची सावली

चार वाजले आणि पडद्यावर सोलर पॅनलच्या सातव्या ओळीची वीजनिर्मिती घसरली. मग आठवीची, मग नववीची. आठवडाभर रोज हेच चाललं होतं. पॅनल पुसून झाली, केबल बदलून झाल्या. आज इंजिनिअर शलाका स्वतःच उन्हात निघाली.

आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. सातव्या ओळीपाशी पहारेकरी गेडामकाका डबा घेऊन बसले होते. इथल्या जुन्या कोळशाच्या वीजकेंद्रात त्यांनी तीस वर्षं बॉयलरवर काढली होती.

"चिमणीची सावली आहे मॅडम," ते म्हणाले. "चारला इथंच पडते. दुसऱ्या पाळीतले आम्ही सगळे तिच्यातच बसून खात होतो."

"काका, चिमणी गेल्या महिन्यात पाडली."

"पाडली ना. माह्यासमोरच पाडली."

शलाकाने पॅनलवर हात ठेवला. काच माठासारखी गार होती. तिने खाली पाहिलं. ऊन डोळ्यांवर येत होतं, पण पायाशी तिची सावली नव्हती.

काकांनी भाकरीचे पाच-सहा तुकडे केले, झाकणावर मांडले आणि अंग चोरून बसले.

"तुम्हीबी बसा," ते म्हणाले, "पण जरा त्या कडेला. इथली जागा भरली."