दोन सह्यांचं निवेदन

उद्योगमंत्र्यांच्या दालनाबाहेर युनियनचे दौलूआण्णा आणि फाउंड्रीचे मालक सकाळपासून एकाच बाकावर बसले होते. आण्णांच्या मांडीवर दोघांच्या सह्यांचं निवेदन: वीजदर उतरवा, नाहीतर भट्टी विझेल, तीनशे माणसं घरी बसतील.

दुपारी आण्णांनी फडकं सोडून अर्धी भाकरी मालकांपुढे धरली.

"वीस वर्षं माझ्या नावानं शिमगा केलात. आज जेवू घालताय?"

"खावा मालक. उद्या माझ्याशी भांडायला अंगात जोर पायजे."

दोघंही हसले. तेवढ्यात शिपाई आला. "साहेब गेले मागच्या दारानं. पुढच्या महिन्यात या."

मालकांचा घास हातातच राहिला. "तोवर भट्टी तगणार नाही, आण्णा."

घोषणेसाठी आण्णांची मूठ सवयीनं वळली. त्यांनी मालकांकडे पाहिलं, बंद दाराकडे पाहिलं. मग मूठ हळूच उघडून ते निवेदनावर सांडलेले भाकरीचे कण वेचू लागले.