निळ्या कागदाचं तळं

पाटावर जुळवायच्या नकाशाचे लाकडी तुकडे अकरा होते. भिंतीवरच्या झेंड्यात तारे बारा. प्रत्येक प्रांताचा एक. चौथीच्या वर्गात ही तफावत कुणाच्या लक्षात येत नसे, कारण तारे एका तासाला शिकवले जात आणि प्रांत दुसऱ्या.

बारावा तुकडा केव्हाच हरवला होता. नवा संच मागून मागून बाई थकल्या. पाटावर मधेच भोक पडल्यासारखं दिसायचं, म्हणून त्यांनी तिथे निळा कागद चिकटवला. मुलं त्याला तळं म्हणू लागली. सुरुवातीला बाई चूक सुधारायच्या. पुढे तेही सुटलं.

त्या दिवशी वर्गात आलेल्या नव्या मुलीला त्यांनी पाटाजवळ बोलावलं. "तुझा प्रांत दाखव बघू."

तिने निळ्या कागदावर बोट ठेवलं. वर्ग फिदीफिदी हसला.

"बाई, ही तळ्यातली आहे," पुढच्या बाकावरचा बडबड्या म्हणाला. "काय गं बेडके, पोहता येतं का?"

"आमच्याकडे तळं नाहीये," मुलगी पाटाकडे बघतच म्हणाली. "विहिरीपण आटल्या. म्हणून तर इकडे आलो." मग फक्त बाईंना ऐकू जाईल असं पुटपुटली, "उद्यापासून मी नाही येणार."

बाई खुर्चीत टेकल्या. पाय भरून आले होते, आणि अजून दोन तास बाकी होते.

"ते तळं नाही," त्या वर्गाला म्हणाल्या. "कागद मी चिकटवलाय."

बाईंनी नखाने कागद खरवडून काढला. खणातून पुठ्ठा आणि कात्री काढून मुलीपुढे ठेवली. "तूच कर तुझा प्रांत. बस इथे, माझ्याजवळ."

ती जीभ दातात धरून कापत बसली. तुकडा तयार झाला, पण जागेवर बसेना. सगळीकडून जरा मोठाच झाला होता. बाईंनी उसासा टाकला आणि कात्री उचलली.

"कापू नका ना, बाई. त्या कडेला आमचं शेत आहे."

बाईंचा हात तसाच थांबला. बडबड्या कधी उठून पाटाजवळ आला, ते कळलंच नाही.

"बाई, बाकीचे सरकवू?"

बाईंनी कात्री खणात टाकली आणि मोजायला पट्टी काढली.

बाराही तुकडे बसले. शेजारच्या चार प्रांतांना तीन-तीन मिलिमीटर सरकावं लागलं.