मोरीतली खबर

सांडपाण्याच्या पंपिंग स्टेशनवर हेमलता दोन नंबरच्या पंपाची वीज बंद करून त्याच्या पंख्यात गुंतलेल्या चिंध्या काढत होती, तेव्हा पडद्यावर ओळ उमटली : ‘गल्ली नऊ, घर चौथे. रक्तदाबाचे औषध सहा दिवस आढळले नाही.’ घराघराच्या सांडपाण्याच्या नळीत बसवलेली यंत्रं आता पाण्यावरून माणसांची तब्येत ओळखत. सूचना दवाखान्याला जाई. ऑपरेटरने कुणापाशी बोलायचं नाही, असा नियम होता. पण चौथं घर तिच्या अण्णांचं होतं, आणि अण्णा रोज फोनवर सांगत, “गोळी घेतली गं.”

तिने पंप चालू केला, त्याची घरघर एकसारखी झाल्यावर जेवणाच्या सुट्टीत घर गाठलं.

“अण्णा, गोळ्या का बंद केल्या?”

अण्णा आधी गोंधळले, मग भडकले. “तिथं बसून बापाची मोरी तपासतेस?”

“तपासते. नोकरी गेली तरी चालेल.”

ते खाटेवर टेकले. “चक्कर येते त्या गोळीनं. न्हाणीत पडलो होतो. तुला कळलं असतं, तर मला उचलून तुझ्याकडे नेलं असतंस.”

“नाही नेणार. डॉक्टरांकडून गोळी बदलून घेऊ, चला.”

अण्णांनी चपला घातल्या. दारात थांबून हळूच विचारलं, “शेजारच्या यमुनाबाईंचं कसं आहे गं? हल्ली फार वाळल्यात.”

हेमलताने मान खाली घातली. पडद्यावर दिसलेलं ते तिला सांगता येणार नव्हतं.

अण्णांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि शेजारच्या दारावर थाप मारली. “यमुनाबाई, चला, दवाखान्यात जाऊन येऊ.”