नाक-डोळे नसलेला चेहरा

"पापण्या कसल्या मोजताय, मावशी? डोळे बारीक करा. नुसता उजेड आणि सावली बघा." बोस्नियातल्या मोस्तारच्या चित्रवर्गात शिकवणारी सेंका म्हाताऱ्या हायरियाला दर वेळी टोकायची.

आज हायरियाने समोर बसवलेल्या तरुणाचं डोकं आणि खांदे कोळशाच्या सावलीत उतरवले. कडा बोटाने पुसट केल्या आणि कागद गुंडाळायला घेतला.

"थांबा की, जमलंय. आता नाक-डोळे तेवढे काढा."

"नको गं. मग हा पोरगा दिसायला लागेल."

"मग कोण दिसायला हवं?"

"माझा लेक नेजाद. लढाईत गेला, आत्ता हाडं सापडली त्याची, शुक्रवारी पुरायचीत. मयताची खबर द्यायला दारावर कागद लावतात, त्यावर चेहरा लागतो. फोटो तेव्हाच घराबरोबर जळाले."

"मग नाक-डोळे आठवून काढा ना, मावशी."

"तीस वर्षं झाली, पोरी. आता तो मला एवढाच आठवतो."