ओढ्यातला बांगडा

"बाजूला सरका, ही बांगड्याची जागा आहे," गळाची काठी हातात धरून एक काका माझ्यावर खेकसले.

माझ्याच ओढ्यात! सहा वर्षं दर रविवारी मी इथे एकटा गळ टाकून बसायचो. मागच्या महिन्यात सलग चार रविवार मासा लागला नाही. फॉलोअर्स टोमणे मारू लागले, म्हणून बाजारातून बांगडा आणला, गळाला अडकवला आणि ओढ्याच्या नावासकट फोटो टाकला. बांगडा समुद्रात राहतो, हे आमच्या घाटावर एकालाही खटकलं नाही. आज इथे चाळीस माणसं होती, वेफर्सची पाकिटं होती आणि पाण्यावर एक डायपर तरंगत होता. मला किळस आली. निम्मी त्यांची, निम्मी स्वतःची.

"काका, बांगडा समुद्रातला मासा. तो मी विकत आणला होता. घरी जा सगळे."

"जागा लपवायला सगळेच असल्या थापा मारतात."

तेवढ्यात पलीकडे आरडाओरडा झाला. एकाने बांगडा काढला होता. पोट साफ केलेला, हळद-मीठ लावलेला. सगळे मोबाइल घेऊन धावले.

काकांनी माझ्याकडे तुच्छतेने पाहिलं. "म्हणे समुद्रातला!"